दहा वेळा

खरेदी समितीत मला बोलावलं,
कारण नियमात लिहिलंय : एक परिचारिका असावी.
खुर्ची दाराजवळची. चहा मात्र सगळ्यांना सारखाच.

कंपनीचा मुलगा पुण्याहून पहाटे निघालेला,
शर्टाला एक सुरकुती नाही.
पडद्यावर त्याच्या यंत्राचे चार हात
एका द्राक्षाची साल सोलत होते, अलगद,
आणि पुन्हा टाके घालून शिवत होते.
नाशकात द्राक्ष सोलून कोण खातं,
मी मनात म्हटलं.

डॉक्टर गायधनी खुर्चीच्या टोकावर आलेले.
त्यांची मान मला ठाऊक आहे,
बावीस वर्षं टेबलावर वाकून झिजलेली.
पाचव्या तासाला ते उजव्या पायावर भार टाकतात
आणि मी न सांगता स्टूल सरकवते.
हाही खर्चच. कुठल्या रकान्यात धरायचा?

लुणावतशेठ बोटांच्या पेरांवर मोजतात :
यंत्र नऊ कोटी,
देखभाल दरसाल पाऊण कोटी,
वर्षाला तीनशे ऑपरेशनं झाली, तर...
त्या ‘तर’पाशी सगळेच थोडा वेळ थांबले.

मग एक चिमटा हातोहात फिरला.
देखणा. त्याचं मनगट माझ्यापेक्षा जास्त वळतं.
किती चालतो, मी विचारलं.
‘दहा वेळा, सिस्टर. आत चिप आहे, ती मोजते.
अकराव्यांदा यंत्र त्याला ओळख देत नाही.’
बोथट होतो?
‘नाही. पण दहाच.’

माझ्या ट्रेमध्ये एक वाकडी कात्री आहे,
मी रुजू झाले त्याच्या आधीची.
भद्रकालीतले अन्वरचाचा तिला धार लावतात,
कानाशी धरून एकदा मिटतात, ऐकतात,
मग पैसे सांगतात.
तिची ऑपरेशनं कुणी मोजली नाहीत.

मोजणं तर माझंच काम.
गॉज तीस, सुया बारा,
पोट शिवण्याआधी, मोठ्याने.

वॉर्डात पोपट खैरनार आहेत, सातपूरचे फिटर.
त्यांच्या शेडमध्ये वेल्डिंगचा लोखंडी हात आला
त्या दिवाळीला अठरा जण घरी गेले.
‘हात चांगला होता, सिस्टर,
कधी तंबाखू मळत बसला नाही.
पण बिघडला की अख्खी शेड बसून.’
मग आवाज उतरवून :
‘माझं मात्र त्यानेच करा हं, जमलं तर.’

आणि जिजाबाई भोये, पेठकडच्या.
पिशवी काढली, वीतभर छेद देऊन.
टाके पिकले, सतरा दिवस खाट, भाताची लावणी गेली.
पडद्यावर लिहिलं होतं : रुग्ण लवकर कामावर.
शेजारी चित्र, लॅपटॉपवाल्या हसऱ्या माणसाचं.
जिजाबाईंना तीन छोटी छिद्रं पुरली असती,
साध्या दुर्बिणीनेसुद्धा.
आमची दुर्बीण मार्चपासून दुरुस्तीला गेलीय.

म्हणून मी विचारलं :
या देखभालीच्या एका वर्षात
दुर्बिणी किती येतील?

शेठनी पेरं मोजायला घेतली आणि सोडून दिली.
कुणी म्हणालं, तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही.
इतिवृत्तात आलं : सिस्टरांनी उपयुक्त सूचना केली.

मला वाटलं, मी जिंकले थोडी.

सायंकाळी आतड्याची केस, लांबलेली.
सहावा तास. स्टूल सरकवून झालेलं.
डॉक्टरांनी न बघता हात पुढे केला,
मी कात्री तळव्यावर ठेवली.

बोटं थरथरली.
इतकी किंचित की भूलतज्ज्ञांनाही दिसलं नाही.
तो मुलगा सकाळी सांगत होता,
यंत्र थरथर गाळून टाकतं.

गॉज मोजले. तीस.
पुन्हा मोजले.